पाण्याचे वय सांगणारा वायू

इजिप्तच्या पश्चिम वाळवंटात पाऊस जवळपास पडतच नाही; तरीही खार्गा, दाखला, फराफ्रा आणि बहारिया ही मरुद्याने हिरवी आहेत. त्यांना जगवणारे पाणी न्युबियन वालुकाश्म या खडकात साठलेले आहे. इजिप्त, लिबिया, सुदान व चाड या चार देशांच्या भूगर्भात हा साठा पसरला आहे. हे पाणी केव्हा मुरले, याचा उलगडा त्यात विरघळलेल्या क्रिप्टॉन वायूने केला.

भूजलाचे वय म्हणजे पाण्याचा हवेशी संबंध तुटल्यापासून लोटलेला काळ. त्यासाठी रूढ असलेला कार्बन-१४ सुमारे ४० हजार वर्षांपलीकडे निरुपयोगी ठरतो. शिवाय चुनखडीतील जुना कार्बन पाण्यात मिसळून हिशेब बिघडवतो. क्रिप्टॉन निष्क्रिय असल्याने खडकाशी त्याची रासायनिक क्रिया होत नाही. विश्वकिरणांमुळे वातावरणात तयार होणारा किरणोत्सारी क्रिप्टॉन-८१ पावसाच्या पाण्याबरोबर जमिनीत उतरतो. तेथे त्यात नवी भर जवळजवळ पडत नाही आणि दर २ लाख २९ हजार वर्षांनी तो निम्मा होतो. किती उरला हे मोजले की वय कळते.

मोजणे मात्र महाकठीण. हवेतील क्रिप्टॉनच्या सुमारे एक लाख कोटी अणूंत असा एखादाच अणू सापडतो. अमेरिकेच्या आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेतील झेंग-तियान लू व सहकाऱ्यांनी लेसरच्या सापळ्यात हे अणू एकेक करून पकडण्याचे तंत्र १९९९ मध्ये मांडले. त्याच तंत्राने नील स्टर्चिओ यांच्या गटाने इजिप्तमधील सहा विहिरींचे पाणी तपासले. त्यासाठी दर विहिरीचे काही टन पाणी उपसून जागीच वायू वेगळा करावा लागला होता. आता दहा-वीस लिटरही पुरतात. २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाण्याचे वय २ लाख ते १० लाख वर्षे भरले. ईशान्येकडे, प्रवाहाच्या दिशेने, ते वाढत जाते. सर्वांत जुने पाणी बहारियात आढळले.

सहारा ओलसर असतानाच्या काळातले हे पाणी आहे. आजच्या हवामानात त्याची भरपाई नगण्य होते, त्यामुळे उपसा म्हणजे मुदलालाच हात घालणे. लिबियाचा ‘महामानवनिर्मित नदी’ हा प्रकल्पही याच खडकातून पाणी ओढतो. चारही देशांनी २०१३ मध्ये व्हिएन्नात संयुक्त कृती आराखड्यावर सह्या केल्या; उपसा चालूच आहे.