रस्ता आधी की घर आधी? : अहमदाबादच्या विस्ताराचा धडा

शहरातल्या इमारती पाडून नव्या बांधता येतात. एकदा पडलेला रस्ता मात्र सहसा हलत नाही. म्हणून रस्ता आधी आखला की घरे आधी उठली, हे पाहणे महत्त्वाचे आहे. अहमदाबादचे उदाहरण घेऊ.

१४११ मध्ये वसलेल्या या शहराच्या जुन्या भागात 'पोळ' नावाच्या वस्त्या आहेत. एक दरवाजा, आत अरुंद गल्ली, बहुतेकदा पुढे बंद. ही रचना सुरक्षिततेसाठी होती. बाजार, देऊळ पायी अंतरावर असल्याने ती गैरसोयीची नव्हती.

१८९२ मध्ये साबरमतीवर पोलादी एलिस पूल झाला आणि पश्चिमेकडे वाढीची वाट खुली झाली. तिथे शेते होती. प्रत्येक मालकाने आपले शेत स्वतंत्रपणे विकले, तर प्रत्येकाची गल्ली शेजाऱ्याच्या बांधापाशी संपणार. शहर पसरते, पण जोडले जात नाही.

यावर १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने एक उपाय दिला. अहमदाबाद तेव्हा मुंबई इलाख्यात होते. सर्व जमिनी एकत्र धरायच्या, आधी रस्ते आखायचे आणि मग प्रत्येक मालकाला थोडा लहान, पण नियमित आकाराचा भूखंड परत द्यायचा. जमिनीच्या वाढलेल्या किमतीतून खर्चाचा काही भाग वसूल करायचा.

फरक मोजून पाहा. तीन गुणिले तीन अशा जाळीत ९ चौक आणि १२ रस्ते असतात, चौकामागे १.३३ रस्ते. तेच ९ बिंदू झाडाच्या फांद्यांसारखे जोडले, तर रस्ते ८, प्रमाण ०.८९. जाळीतला कोणताही एक रस्ता बंद पडला तरी पर्याय उरतो. फांद्यांच्या रचनेत उरत नाही.

१९६० नंतर वाटा वेगळ्या झाल्या. गुजरातने १९७६ च्या कायद्यातही ही पद्धत चालू ठेवली. अहमदाबादच्या सुमारे ७६ किलोमीटरच्या वळण रस्त्यासाठीही ती उपयोगी पडली. महाराष्ट्राच्या १९६६ च्या कायद्यात तरतूद राहिली, पण भर विकास आराखडा आणि भूसंपादनावर गेला. संपादन रखडले की रस्ता कागदावर राहतो आणि भोवती घरे उठतात.

ही पद्धत निर्दोष नाही. योजनांना वर्षानुवर्षे लागतात आणि जमीन नसलेल्या कुळाच्या हाती भूखंड येत नाही.

आता आपल्या गावाच्या नव्या हद्दीचा नकाशा घ्या. चौक मोजा, रस्ते मोजा, भागाकार करा. उत्तर एकाखाली आले, तर तिथे घर आधी आले होते का, ते शोधा.