कोंडाण्याची एक ओळ आणि यवनांची दाने

कर्जत तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात, कोंडाणे लेणी आहेत. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागी डाव्या बाजूस एका भग्न मूर्तीचे शिर असून त्याजवळ ब्राह्मी लिपीतील एक ओळ कोरलेली आहे : ‘कण्हस अंतेवासिना बलकेन कतं’. कण्हाचा शिष्य बलक याने केले, एवढाच तिचा अर्थ. त्यात राजाचे नाव नाही, बिरुदावली नाही. गुरूचे नाव आणि शिष्याच्या हातची साक्ष, इतकेच. दोन हजार वर्षांनंतर ही ओळ आम्हांस वाचता येते ती कशामुळे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

ब्राह्मीचे कोडे सुटण्यास ग्रीक अक्षरांचे साहाय्य झाले, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अगॅथोक्लीज या यवन राजाच्या नाण्यांवर एका बाजूस ग्रीक व दुसऱ्या बाजूस ब्राह्मी अक्षरे आहेत. १८३६ मध्ये लासेन यांनी त्यांवरून राजाचे नाव वाचले. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी साँचीच्या लेखांत पुनःपुन्हा येणारा ‘दानं’ हा शब्द ओळखला आणि लिपीचे दार उघडले. सामान्य उपासकांच्या दानानेच ही किल्ली हाती दिली, असे म्हणण्यास हरकत नाही.

त्याच काळात बर्लिनच्या अकादमीत ऑगस्ट ब्योख हे ग्रीक शिलालेखांचा महासंग्रह सिद्ध करीत होते. १८२८ ते १८७७ या काळात त्याचे चार खंड निघाले. प्रवाशांनी हाताने उतरविलेल्या नकलांवर त्यांस बरेच विसंबावे लागे आणि नकलेतील चूक छापील पाठात उतरे. म्हणून पुढे ओला कागद अक्षरांवर ठोकून ठसा घेण्याची रीत रूढ झाली. आपल्याकडेही हाच धडा गिरविला गेला. पंडित भगवानलाल इंद्रजी व जेम्स बर्जेस यांनी पश्चिम भारतातील लेण्यांचे लेख १८८१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. १८८२ मध्ये भगवानलालांनाच सोपारा येथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला.

खालापूरहून बोरघाट चढून गेले की कार्ले लेणी लागतात. तेथील लेख सेनार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या सातव्या खंडात संपादित केले; राहिलेले लेख वत्स यांनी अठराव्या खंडात प्रकाशात आणले. त्यांतून दिसते की धेनुकाकटच्या सिहधय, यसवधन इत्यादी यवनांनी चैत्यगृहाचे स्तंभ दान दिले. त्याच गावच्या सामी नावाच्या सुताराने प्रवेशद्वार घडविले आणि आपले नाव कोरले. यवनांचे हे लेख ग्रीक भाषेत नाहीत, येथील प्राकृतात आहेत. परका म्हणून ओळखला जाणारा मनुष्य आपली ओळख न लपविता सुतार व गंधिक यांच्या पंक्तीस दानी म्हणून उभा राहतो. संघाच्या दारी त्याला कोणी कुळ विचारले नाही, याचा हा दगडी पुरावा आहे.

उलट दिशेचाही पुरावा आहे. १९५८ मध्ये कंदाहार येथे अशोकाचा ग्रीक व अरेमाइक भाषांतील लेख मिळाला. त्यात ‘धम्म’ या अर्थी ‘युसेबेइया’ हा ग्रीक शब्द योजिला आहे. कार्ल्यास यवनांनी आपली भाषा स्वीकारली, तर कंदाहारास धम्माने त्यांची भाषा स्वीकारली.

हा सारा इतिहास एकेका अक्षरावर उभा आहे. ऊनपावसाने अक्षर झिजते; परंतु त्यावर फासलेला रंग किंवा खडू आणि शेजारी कोरलेली पर्यटकांची नावे त्याची अधिक हानी करतात. कर्जत-खालापूर परिसरातील उपासकांनी कोंडाण्यास जावे, लेखास हात न लावता तिरप्या उन्हात त्याचे छायाचित्र घ्यावे, आणि मुलांना ब्राह्मीची अक्षरे शिकवावी, अशी आमची विनंती आहे. बलकाने आपल्या गुरूचे नाव राखले. त्याचे नाव राखणे आता आपल्या हाती आहे.