मुक्तीनंतरची छावणी : युरोपातील बचावलेले ज्यू (१९४५–१९५७)

दुसऱ्या महायुद्धावरील पाठ्यपुस्तके बहुधा छळछावण्यांची दारे उघडली की थांबतात. बर्गेन-बेल्सन छावणी ब्रिटिश सैन्याने १५ एप्रिल १९४५ रोजी ताब्यात घेतली. त्यानंतरही काही आठवड्यांत तेथे १३,००० हून अधिक माणसे रोगराई व उपासमारीच्या परिणामांनी मरण पावली. जे जगले त्यांच्यापुढे प्रश्न होता, जायचे कुठे?

त्या उन्हाळ्यात अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी अर्ल हॅरिसन यांना पाहणीसाठी जर्मनीत पाठवले. त्यांना ज्यू अजूनही काटेरी तारांमागे दिसले. काहींच्या अंगावर छळछावणीतलेच कपडे होते. आपण त्यांना ठार मारत नाही एवढे सोडले, तर नाझींची वागणूक आणि आपली यांत फारसा फरक नाही, अशा आशयाचा त्यांचा अहवाल होता. त्यानंतर अमेरिकी विभागात ज्यूंसाठी स्वतंत्र छावण्या झाल्या.

पोलंडला परतलेल्यांपैकी अनेकांना आपल्या घरात दुसरेच कुणी राहताना आढळले. ४ जुलै १९४६ रोजी किएल्त्से शहरात, ज्यूंनी एका मुलाला डांबल्याच्या अफवेवरून जमावाने ४२ ज्यू मारले. हल्लेखोरांत सैनिक आणि पोलीसही होते. यानंतर हजारो ज्यूंनी पोलंड सोडले आणि आसरा घेतला तो जर्मनीतल्या छावण्यांत!

या छावण्यांत लग्ने भराभर लागली. पॅराशूटच्या कापडाचा एक विवाहपोशाख तर अनेक वधूंनी आळीपाळीने घातला. जन्मलेल्या मुलांना बहुधा मारल्या गेलेल्या आप्तांची नावे मिळाली.

बचावलेले लोक वर्षानुवर्षे गप्प राहिले, असे इतिहासकार दीर्घकाळ मानत. हे मत टिकण्यासारखे नाही. डिसेंबर १९४५ मध्येच म्युनिकला त्यांनी स्वतःचा ऐतिहासिक आयोग स्थापला आणि तीन वर्षांत अडीच हजारांवर साक्षी नोंदवल्या. त्या बऱ्याचशा यिडिश भाषेत होत्या. बाहेरच्यांनी त्या वाचल्या नाहीत, ही गोष्ट वेगळी.

देशांतर मात्र सोपे नव्हते. पॅलेस्टाइनची वाट ब्रिटिशांनी १९४८ पर्यंत जवळजवळ बंदच ठेवली. अमेरिकेच्या १९४८ च्या कायद्याने २२ डिसेंबर १९४५ पर्यंत जर्मनी, ऑस्ट्रिया किंवा इटलीत आलेल्यांनाच पात्र ठरवले. किएल्त्सेनंतर आलेले त्यामुळे आपोआप वगळले गेले. ती अट १९५० साली बदलली. म्युनिकजवळची फ्योरेनवाल्ड छावणी बंद झाली ती थेट १९५७ मध्ये.