साक्रीची वीज, विखरणची जमीन

घाटकोपरला संध्याकाळी सात वाजता घराघरात दिवे लागलेले असतात, लोकल खच्चून भरून धावत असतात. नेमक्या त्याच वेळी धुळे जिल्ह्यातली सौर पॅनेलं बंद पडलेली असतात. संशोधनाचा विषय शोधताय ना? मग या दोन ठिकाणांमधला इतिहास बघा.

२०१० मध्ये राष्ट्रीय सौर मिशन सुरू झालं. उद्दिष्ट होतं २०२२ पर्यंत २०,००० मेगावॉट. २०१५ मध्ये ते १ लाखावर नेलं. महानिर्मितीने साक्री तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॉटचा प्रकल्प २०१३ मध्ये उभा केला.

आपण विज्ञानवाले पहिली चूक इथेच करतो. १२५ ही क्षमता झाली, उत्पादन नव्हे. रात्र, ढग, धूळ धरली तर वर्षाची सरासरी साधारण पंचमांशावर येते, म्हणजे २५ मेगावॉटच्या आसपास.

तेव्हा सगळ्यांना काळजी होती दराची. २०१० च्या लिलावात युनिटला सुमारे १२ रुपये होते. २०१७ मध्ये राजस्थानातल्या भाडलाला २.४४ रुपये निघाले. दराचा प्रश्न बराचसा सुटला, पण जमिनीचा राहिला. एका मेगावॉटला चार-पाच एकर तरी लागतात.

धुळ्यातल्याच विखरणचे शेतकरी धर्मा पाटील. तिथलं भूसंपादन आधी औष्णिक प्रकल्पासाठी सुरू झालं, पुढे ते सौर प्रकल्पाकडे वळलं. मोबदला अपुरा आणि इतरांपेक्षा कमी मिळाला, ही त्यांची तक्रार. दाद मागत ते मंत्रालयापर्यंत आले, तिथेच त्यांनी विष घेतलं आणि २८ जानेवारी २०१८ ला त्यांचा मृत्यू झाला. 'स्वच्छ ऊर्जा' लिहिताना हे नाव गाळू नका.

दुसरा मार्गही त्याच काळातला. २०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत छोटे प्रकल्प कृषी फीडरजवळ उभारायचे, शेतकऱ्याला दिवसा वीज द्यायची. खासगी जमीन विकत न घेता भाड्याने घेता येते; २०२३ पासून हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला.

मग मुंबईचं काय? १२ ऑक्टोबर २०२० ला शहर अंधारात गेलं, लोकल थांबल्या. बाहेरची वीज आत आणायला तारा अपुऱ्या, हे तेव्हा सर्वांना कळलं. खारघर-विक्रोळी ४०० केव्ही वाहिनी पूर्ण व्हायला २०२३ उजाडलं. अर्थात, तार आली तरी संध्याकाळचा सूर्य येत नाही. त्यासाठी साठवण लागणारच.

म्हणून सुरुवात पॅनेलच्या कार्यक्षमतेपासूनच करायला हवी असं नाही. राज्य वीज नियामक आयोगाचे आदेश आणि भूसंपादनाच्या अधिसूचना शेजारी ठेवून तारखा जुळवून बघा. तुमचा प्रश्न तिथेच सापडेल.