घरगुती राऊटर आणि लेखनाधिकार

राऊटरची सेटिंग पाहणे म्हणजे वाचन आणि ती बदलणे म्हणजे लेखन. अनेक जण वापरत असलेल्या संगणकांवर हा भेद १९७० च्या दशकातील युनिक्सपासून रुळला होता. घरगुती राऊटर बनवणाऱ्यांनी मात्र तो घेतला नाही. डिसेंबर २००२ मध्ये आलेला लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी पाहा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकायचे, पासवर्ड 'अ‍ॅडमिन', की सगळे अधिकार हाती! इंटरनेटच्या बाजूने हे पान सहसा बंद ठेवलेले असे. घरात आहे तो घरचाच, हे त्यामागचे गृहीतक. त्या काळी ते अगदीच वेडगळ नव्हते.

पण ब्राउझर घरात असला तरी तो उघडतो ती पाने बाहेरची असतात. बाहेरचे पान ब्राउझरला सांगू शकते, 'अमुक चित्र १९२.१६८.१.१ वरून आण'. आणि त्या पत्त्याला डीएनएस बदलण्याची आज्ञा जोडलेली असू शकते. राऊटरला ही मागणी घरातूनच आलेली दिसते. एचटीटीपीच्या संकेतानुसार 'गेट' ही मागणी केवळ वाचनासाठी आहे. अनेक राऊटर तिच्यावरच बिनदिक्कत लेखन करीत, आणि माझ्या मते मूळ दोष हाच.

डिसेंबर २००६ मध्ये स्टॅम, रामझान आणि याकोबसन यांनी इंडियाना विद्यापीठाच्या अहवालात दाखवले, की केवळ एखादे वेबपान पाहिल्याने घरच्या राऊटरचा डीएनएस बदलता येतो. जानेवारी २००८ मध्ये मेक्सिकोत ते प्रत्यक्ष घडल्याचे उघड झाले. शुभेच्छापत्राच्या बहाण्याने आलेल्या ईमेलमधील चित्राच्या खुणेने राऊटरची नोंद बदलली जाई. मग बँकेचा पत्ता अचूक टाइप केला तरी ग्राहक नकली पानावर पोहोचे, आणि त्याच्या संगणकात व्हायरस शोधून काहीच सापडत नसे.

उपाय तुकड्यातुकड्यांनी आले. प्रत्येक फॉर्मसोबत एक गुप्त चिन्ह पाठवायचे आणि ते नसेल तर बदल नाकारायचा, ही पद्धत हळूहळू राऊटरमध्ये शिरली. ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त प्रणालीत खात्यानुसार वाचनाची व लेखनाची वेगळी यादी देता येते. लेखनाधिकार नसलेल्या खात्याला सेटिंग दिसते, बदलता येत नाही.

पासवर्डची गोष्ट वेगळी. भारतात जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँड ग्राहकांचे मोडेम मालवेअरने बंद पाडले, तेव्हा मूळचा पासवर्ड न बदललेली यंत्रे सापडली आणि तो बदला, असे ग्राहकांना सांगावे लागले. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने १ जानेवारी २०२० पासून ही जबाबदारी उत्पादकावर टाकली: प्रत्येक यंत्राला वेगळा पासवर्ड द्या, नाहीतर पहिल्या वापरात तो बदलायला लावा. तरीही मालकाने एकदा लॉगिन केले, की त्याच्याच ब्राउझरमधून खोटी आज्ञा जाण्याचा धोका पासवर्डने टळत नाही. तिथे ते गुप्त चिन्हच कामी येते.

विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लेखन बंद केले म्हणजे वाचन निरुपद्रवी ठरत नाही. कित्येक राऊटरच्या त्याच पानावर वायफायचा पासवर्ड उघडा दिसतो.