वेदनेचा पहारा

रक्तपिती हें नांव उच्चारतांच डोळ्यांपुढें उभें राहतें तें झडलेल्या बोटांचें चित्र. रोगाचें विष मांसांत भिनतें आणि बोटें सडून गळतात, ही समजूत केवळ अडाण्यांची होती असें नव्हे. नॉर्वेच्या हॅन्सेन यांनीं १८७३ सालीं या रोगाचा जंतु शोधून काढल्यावरहि पुष्कळ विद्वान् वैद्यांस ती ग्राह्य वाटत असे. सडणाऱ्या मांसावर शस्त्र चालवून काय साधणार? त्यामुळें या रोग्यांच्या हातांकडे शस्त्रवैद्य क्वचितच वळत. ती समजूत ज्यांच्या निरीक्षणानें ढासळली ते डॉ. पॉल ब्रँड मुळांत बांधकामाच्या धंद्यांत उमेदवारी केलेले गृहस्थ होते, हा निव्वळ योगायोग मानतां येणार नाहीं.

ब्रँड यांचा जन्म १९१४ सालीं तामिळ मुलखांतील कोल्ली डोंगरावर एका मिशनरी कुटुंबांत झाला. नवव्या वर्षीं शिक्षणासाठीं त्यांस विलायतेस धाडण्यांत आलें. ते तेथें असतांनाच इकडे वडील तापानें वारले. कांहीं वर्षें सुतारकाम व गवंडीकाम केल्यावर ते वैद्यकाकडे वळले, लंडनवर जर्मन बाँब पडत होते त्या दिवसांत शस्त्रक्रिया शिकले, आणि १९४६ च्या अखेरीस वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत रुजू झाले.

पुढल्याच वर्षीं चिंगलपट येथील महारोग्यांची वसाहत त्यांस डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनीं दाखविली. जिकडे पाहावें तिकडे आंखडलेले पंजे दिसत होते. यांवर कोणीं कांहीं संशोधन केलें आहे काय, असें ब्रँड यांनीं विचारलें, तेव्हां कॉक्रेन यांनीं तो प्रश्न त्यांच्यावरच उलटविला. कॉक्रेन त्वचेचे वैद्य होते, हाडांचे वैद्य तर ब्रँडच. एका रोग्याचा तसला पंजा हातांत घेऊन ब्रँड यांनीं तो जोरानें दाबावयास सांगितलें, आणि क्षणार्धांत ते स्वतःच कळवळले. लुळ्या दिसणाऱ्या त्या हाताची पकड पोलादी होती. आणि समोरचा मनुष्य दुखावला आहे याची त्या रोग्यास गंधवार्ताहि नव्हती.

त्या एका पकडींत दोन प्रश्न दडलेले होते. पहिला बळाचा. शेंकडों हात तपासल्यावर आढळलें कीं, तळहाताचे बारीक स्नायू निकामी होतात, पण मनगटाच्या वरचे पुष्कळसे स्नायू शाबूत राहतात. रोगजंतूस थंडावा मानवतो. म्हणून कोपर, मनगट, गुडघा, घोटा अशा ज्या ठिकाणीं मज्जातंतु कातडीच्या अगदीं लगत येतो, तेथें तो गांठला जातो. मग शाबूत स्नायूची कंडरा, म्हणजे त्यास हाडाशीं बांधणारी दोरी, एका जागेवरून सोडवून मिटलेल्या बोटांस जोडली तर? १९४८ पासून अशा शस्त्रक्रिया सुरू झाल्या. जखमा इतर कोणाहि माणसाच्या जखमांप्रमाणें भरून आल्या. मांस सडकें नव्हतेंच.

दुसरा प्रश्न वेदनेचा, आणि तोच अधिक गहन. एकदां एका गंजलेल्या कुलपाची किल्ली ब्रँड यांस फिरवितां येईना. जवळच्या एका रोगी मुलानें ती सहज फिरविली. ब्रँड यांनीं त्याचा हात पाहिला, तों बोट हाडापर्यंत चिरलेलें. मुलास पत्ता नव्हता. तेव्हांपासून प्रत्येक जखमेचा माग काढण्यांत येऊं लागला. कोणी विस्तवावरचें भांडें उघड्या हातानें उचलले होतें, कोणी खिळा रुतलेल्या पायानें दिवसभर हिंडला होता. तरीहि कांहीं बोटांचे तुकडे रात्रींतून नाहींसे होत, त्याचा उलगडा होईना. अखेर एका रोग्याच्या उशाशीं जागून पाहिलें, तों उंदीर बोट कुरतडीत होता, आणि रोगी स्वस्थ झोंपला होता! पुढें घरीं जाणाऱ्या रोग्यांबरोबर मांजर देण्याचा प्रघात पडला. औषधांच्या यादींत न सांपडणारें हें औषध मोठें गुणकारी ठरलें.

हात सुधारले, पण पोट? बरे झालेले कांहीं रोगी परत येऊन गाऱ्हाणें सांगूं लागले कीं, या हातांवर भीक मिळत नाहीं, आणि काम तर कोणी देत नाहीं. शस्त्रक्रियेचें यश म्हणजे रोग्याची उपासमार, असा हा विलक्षण पेंच होता. त्यांतून १९५१ सालीं वेल्लोरला ‘नवजीवन केंद्र’ निघालें. तेथें ब्रँड यांचें जुनें सुतारकाम कामीं आलें. रोगी लांकडी खेळणीं करूं लागले. आणि हत्यार धरतांना हाताकडे डोळ्यांनीं पाहत राहावें, कारण हात स्वतः कांहीं सांगणार नाहीं, हा तेथला पहिला धडा असे.

ही शून्यता काय असते याचा अनुभव एका रात्रीं ब्रँड यांसच आला. इंग्लंडांत आगगाडीच्या लांब प्रवासानंतर मोजे काढतांना टांच बधिर लागली. टांचणी टोंचली, रक्त आलें, कळ आली नाहीं. रोग जडला असें समजून, बायकामुलांपासून दूर राहावें लागणार या विचारांत त्यांनीं रात्र तळमळत काढली. सकाळीं पुन्हां टांचणी टोंचली, आणि जी कळ आली तिच्यासाठीं त्यांनीं देवाचे आभार मानले. गाडींत अवघडून बसल्यानें एक तंतु दबला होता, इतकेंच.

१९६६ सालीं ते अमेरिकेंतील कारव्हिल येथील रुग्णालयांत गेले. बधिर पायांच्या जखमा भरून आणण्याची प्लॅस्टरची जी पद्धति तेथें रूढ झाली, ती पुढें मधुमेहाच्या रोग्यांच्याहि उपयोगी पडली. आज रक्तपिती औषधांनीं पूर्ण बरी होते. परंतु मेलेला तंतु सहसा परत येत नाहीं. म्हणून ब्रँड यांनीं कृत्रिम वेदना निर्माण करण्याचा घाट घातला. हातमोज्यांत दाब मोजणारीं यंत्रें बसविलीं; दाब वाढला कीं कानांत इशारा होई. रोगी इशाऱ्याकडे दुर्लक्ष करीत. मग काखेंत विजेचा झटका बसेल अशी योजना केली. तो झोंबे, पण एखादें काम मनांत भरलें कीं रोगी यंत्राचें बटण बंद करी, काम उरकी, आणि मग बटण पुन्हां चालू करी.