लक्ष्मीबाई टिळकांचें मन

मन आणि वाचन जपा, असा उपदेश ख्रिस्ती स्त्रियांना नेहमीं होतो. आम्हांला मात्र नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक आठवतात. १८९५ सालीं पति नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले; बाईंनीं त्यांची श्रद्धा उसनी घेतली नाहीं. माहेरीं वडिलांचें सोंवळें अतिरेकी; मीठसुद्धां धुवावयाचें ! तें ओझें त्यांनीं स्वतः विचार करून उतरविलें आणि मगच १९०० सालीं बाप्तिस्मा घेतला. मनावरचा पहारा आम्ही याला म्हणूं. १९१९ सालीं टिळक वारल्यावर त्यांचें अपुरें 'ख्रिस्तायन' बाईंनीं पुढें नेलें. तरी १९३४ पासून निघालेल्या 'स्मृतिचित्रां'तून जुनें सोंवळेंओंवळें वगळलें नाहीं. तें आणि ख्रिस्ती वस्ती, दोन्हीं एकाच मिस्किल नजरेनें पाहिलीं. १९३६ सालीं बाई निवर्तल्या. उरलेला भाग चिरंजीव देवदत्तांनीं लिहिला.